भुवईचा केस, जेलीफिश आणि जिवंत चेतापेशी

टूथपिकच्या टोकाला भुवईचा एक केस चिकटवायचा. स्पर्शाचा अभ्यास करणाऱ्या काही प्रयोगशाळांत हे रोजच्या वापरातलं साधन आहे. काचेच्या बशीत जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक सूत्रकृमी वळवळत असतो. शास्त्रज्ञ त्याला ‘सी. एलेगन्स’ म्हणतात. डोक्याच्या बाजूला केस हलकेच फिरवला की तो मागे सरकतो, शेपटीच्या बाजूला फिरवला की पुढे पळतो. या प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात चेतापेशी अवघ्या ३०२, आणि हा हळुवार स्पर्श ओळखणाऱ्या त्यातल्या फक्त सहा. मार्टिन चाल्फी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी या सहा पेशींपायी उमेदीची वर्षं घालवली. कोणती जनुकं बिघडली की कृमीला केसाचा स्पर्श कळेनासा होतो, हे त्यांनी हुडकून काढलं. पण एखादं जनुक नेमकं कोणत्या पेशीत काम करतं हे पाहायचं, तर त्या कृमीला मारावं लागे. मग रसायनांनी तो टिकवायचा, त्याच्या पेशींना भोकं पाडायची, आत रंग सोडायचा. रंगलेली पेशी दिसायची, पण ती काही करत नसायची.

ही अडचण एकट्या चाल्फींची नव्हती. चेतापेशींचा सगळा अभ्यासच या अडचणीत जन्मला. १८७३ साली इटलीच्या कॅमिलो गॉल्जी यांनी मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला, तेव्हा दाटीवाटीच्या लाखो पेशींतल्या मोजक्याच काळ्याभोर उमटल्या. मोजक्याच उमटल्या म्हणूनच त्या ओळखू आल्या. सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी हीच पद्धत सुधारून चेतापेशींची जी चित्रं काढली, ती आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात. १९०६चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. ही चित्रं पाहताना मी दर वेळी थबकतो. फांद्या, काटे, वळणं सगळं इतकं जिवंत वाटतं, आणि त्यातली प्रत्येक पेशी मेलेली आहे. चेतापेशीचं सगळं महत्त्व तिच्या हालचालीत आहे. ती संदेश पाठवते, जोड बांधते, तोडते, शरीराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माल वाहून नेते. हे सारं घडत असताना पाहायचं, तर पेशीने स्वतःच स्वतःला रंगवून घ्यायला हवं होतं.

तो रंग अखेर समुद्रातून आला, आणि तो शोधणाऱ्याच्या मनात चेतापेशीचा विचारही नव्हता.

ओसामु शिमोमुरा हे जपानी रसायनशास्त्रज्ञ. ९ ऑगस्ट १९४५ला ते सोळा वर्षांचे होते आणि नागासाकीपासून सुमारे १५ किलोमीटरवर एका कारखान्यात कामाला होते. बॉम्बच्या लखलखाटाने त्यांना काही वेळ दिसेनासं झालं. घरी परतताना काळा पाऊस अंगावर पडला. आजीने त्यांना लगेच आंघोळ घातली. युद्धानंतरच्या मोडक्या-तोडक्या व्यवस्थेत मिळेल तिथे शिकत ते नागोयाला पोचले आणि एका बारीक समुद्री जीवाच्या प्रकाशामागचं द्रव्य त्यांनी स्फटिकरूपात वेगळं केलं. त्या कामाच्या जोरावर १९६० साली त्यांना अमेरिकेत प्रिन्स्टनला फ्रँक जॉन्सन यांनी बोलावून घेतलं. जॉन्सन यांना जाणून घ्यायचं होतं की ‘इक्वोरिया व्हिक्टोरिया’ नावाची जेलीफिश कशी चकाकते.

१९६१च्या उन्हाळ्यात दोघे वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरला गेले. धक्क्यावर उभं राहून जाळीने जेलीफिश उचलायच्या, छत्रीसारख्या शरीराच्या काठाची उजळणारी पट्टी कापायची आणि ती कापडातून पिळून काढायची. त्या काळी सगळ्यांची समजूत अशी होती की सजीवांच्या प्रकाशामागे एक ठरावीक जोडी असणारच: जळणारं द्रव्य आणि त्याला जाळणारं विकर. जोडी शोधण्याचे सगळे प्रयत्न फसले. शिमोमुरांनी सुचवलं की जोडीचा विचार सोडून जे काही उजळतं तेच वेगळं करू या. जॉन्सन यांना ते पटलं नाही, तेव्हा एकाच टेबलावर दोघे वेगवेगळं काम करू लागले. शिमोमुरा होडी घेऊन समुद्रात जात आणि पडून विचार करत. एका दुपारी त्यांना वाटलं, प्रकाश प्रथिनातून येत असेल तर आम्लता वाढवून तो तात्पुरता थांबवता येईल. तसं केलं तर खरंच उजेड विझला. आम्लता घालवल्यावर तो किंचित परतला, पण मंदच. मग त्यांनी ते द्रावण बेसिनमध्ये ओतून दिलं, आणि बेसिन निळ्या प्रकाशाने उजळून निघालं. शेजारच्या मत्स्यटाकीतलं जादा पाणी त्याच बेसिनमध्ये येत होतं. समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियमने ठिणगी टाकली होती.

त्या उन्हाळ्यात सुमारे दहा हजार जेलीफिश पिळून जे शुद्ध प्रथिन हाती आलं, ते होतं फक्त काही मिलिग्रॅम. त्याला नाव मिळालं इक्वोरिन. १९६२च्या निबंधात त्यांनी सोबतच्या आणखी एका प्रथिनाची जाता जाता नोंद केली, जे उन्हात किंचित हिरवट दिसे आणि अतिनील प्रकाशात हिरवंगार चमके. इक्वोरिनचा प्रकाश निळा, मग जिवंत जेलीफिश हिरवी का दिसते, या कोड्याचं उत्तर त्या दुसऱ्या प्रथिनात होतं. ते निळी ऊर्जा घेऊन हिरवा प्रकाश सोडत होतं. पुढची कित्येक वर्षं शिमोमुरा, त्यांची पत्नी आणि मुलं उन्हाळ्यात फ्रायडे हार्बरला जाऊन जेलीफिश गोळा करत राहिले. एकूण आकडा साडेआठ लाखांच्या घरात गेला.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा, कारण तो पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याला झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. काजवा आपला प्रकाश स्वतः रासायनिक क्रियेने तयार करतो, ती जैवदीप्ती. इक्वोरिन त्याच जातीचं. हिरव्या प्रथिनाचं तसं नाही. बँकेतला रोखपाल नोट अतिनील दिव्याखाली धरतो तेव्हा नोटेवरचा क्रमांक चमकतो. दिवा विझला की चमकही गेली. बाहेरचा प्रकाश शोषून घ्यायचा आणि क्षणार्धात दुसऱ्या रंगाचा प्रकाश परत द्यायचा, ही प्रतिदीप्ती. जेलीफिशचं हे हिरवं प्रथिन, म्हणजे जीएफपी, ३९५ आणि ४७५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश घेतं आणि सुमारे ५०९ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देतं. त्यासाठी त्याला कुठलं इंधन लागत नाही. सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला की पुरे.

१९९६ साली त्याची रचना उलगडली तेव्हा दिसलं की ते एका इवल्याशा पिंपासारखं आहे. अकरा पट्ट्यांनी पिंपाची भिंत विणलेली आणि आतून मधोमध जाणाऱ्या धाग्यावर रंग देणारा भाग. प्रथिनात २३८ अमिनो आम्लांची माळ आहे, आणि त्यातली ६५, ६६ आणि ६७ क्रमांकांची तीन आम्लं एकमेकांत गुंतून तो रंगद्रव्याचा तुकडा आपलाआप तयार होतो. बाहेरून फक्त ऑक्सिजन लागतो. ही ‘आपलाआप’ची गोष्ट १९९० साली मात्र कोणालाही खात्रीने माहीत नव्हती. उलट बहुतेकांना वाटे की रंग तयार करायला जेलीफिशची इतर विकरं लागतीलच, आणि मग हे जनुक दुसऱ्या प्राण्यात टाकून उपयोग होणार नाही.

ते जनुक वेगळं काढलं डग्लस प्रॅशर यांनी, मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होलच्या समुद्रविज्ञान संस्थेत. १९९२ साली त्यांनी त्याचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध केला. हे प्रथिन दुसऱ्या प्रथिनांना जोडून पेशीतला खुणेचा दिवा म्हणून वापरता येईल, हे त्यांना सुचलं होतं. पण अनुदान संपलं आणि नवं मिळालं नाही. प्रॅशर यांनी ते काम सोडलं आणि ज्यांनी ज्यांनी मागितलं, त्यांना आपलं जनुक पाठवून दिलं. मागणाऱ्यांत दोन जण होते: कोलंबिया विद्यापीठातले चाल्फी आणि कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला असलेले रॉजर त्सिएन.

चाल्फींनी जीएफपीचं नाव १९८९ साली एका व्याख्यानात ऐकलं होतं. आपला कृमी पारदर्शक, मग चमकणारं प्रथिन त्याच्या पेशीत बनवून घेतलं तर तो न मारताच सगळं दिसेल, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि पुढचं व्याख्यान त्यांच्या कानांवरून गेलं. प्रॅशर यांच्याशी त्यांचं बोलणंही झालं. पण जनुक तयार झालं तेव्हा चाल्फी रजेवर दुसऱ्या विद्यापीठात होते. निरोपांची चुकामूक झाली आणि तीन वर्षं गेली. १९९२ साली त्यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या जिया युस्किर्खेन या विद्यार्थिनीने फक्त प्रथिनाचा मजकूर असलेला तुकडा नेमका उचलला, मागच्या-पुढच्या शेपट्या वगळल्या आणि तो जिवाणूंत घातला. जिवाणू हिरवे चमकले. जेलीफिशचं दुसरं काहीही लागलं नाही.

मग आला कृमी. प्रत्येक जनुकाच्या आधी डीएनएचा एक तुकडा असतो. हे जनुक कुठे आणि केव्हा चालू करायचं, ते हा तुकडा ठरवतो. स्पर्शपेशींत जोमाने चालणाऱ्या मेक-७ या जनुकाचा असा तुकडा घेऊन त्याच्यापुढे जीएफपीचं जनुक जोडलं. निळ्या प्रकाशाखाली कृमी ठेवला तर काळोख्या शरीरातून एक हिरवी पेशी आणि तिचा लांबच लांब तंतू दिसला, आणि कृमी जिवंत होता. फेब्रुवारी १९९४च्या ‘सायन्स’च्या मुखपृष्ठावर हेच चित्र आलं. त्याच सुमारास चाल्फींच्या पत्नी टल हेझलरिग यांनी फळमाशीत जीएफपी दुसऱ्या प्रथिनाला जोडून दाखवलं: जोडलेलं प्रथिन आपलं काम करत राहतं आणि दिवाही जळत राहतो. आता पेशीच काय, पेशीतलं एखादं प्रथिनही डोळ्यांनी दिसू शकत होतं.

यातून चेतापेशींबद्दल काय कळलं, हे सांगायला मला मुंबईचंच उदाहरण सर्वांत आवडतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांचा गट याच कृमीच्या याच स्पर्शपेशी पाहतो. चेतापेशीचा मुख्य भाग एका टोकाला आणि जोड दुसऱ्या टोकाला. आपल्या पाठीच्या कण्यातून पायाच्या बोटांकडे जाणारा तंतू तर मीटरभर लांब. जोडाला लागणारं सामान पेशीच्या मुख्य भागात बनतं आणि सूक्ष्म नळ्यांच्या रुळांवरून ‘कायनेसिन’ नावाची प्रथिनं ते ओढून नेतात. सामानाच्या पिशव्यांवरच्या प्रथिनाला जीएफपी जोडलं, की तंतूतून हिरवे ठिपके धावताना दिसतात: सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काही ठिपके थांबतात, काही उलटे फिरतात. एक अडचण होती. कृमीला स्थिर ठेवायला भूल द्यावी, तर भुलीने ही वाहतूकच मंदावते. म्हणून या गटाने असं उपकरण वापरलं, ज्यात मऊ पातळ पडदा कृमीला अलगद दाबून धरतो आणि भूल लागतच नाही. २०१८ साली त्यांनी दाखवलं की तंतूत ॲक्टिन या प्रथिनाची दाटी जिथे असते, तिथे पिशव्या खोळंबतात, मागून आलेल्या त्यांच्यावर अडकतात आणि चक्क वाहतूक कोंडी होते. निरोगी, जिवंत कृमीतही ती होते. मेलेल्या पेशीत थांबलेला ठिपका आणि चालता चालता घडीभर थबकलेला ठिपका सारखेच दिसले असते.

त्सिएन यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी जीएफपीच्या माळेतली आम्लं बदलून पाहिली. ६५व्या जागचं एक आम्ल बदललं तर प्रथिन जास्त उजळ झालं आणि फिकटही हळू होऊ लागलं. आणखी बदल करून निळं, आकाशी, पिवळं मिळालं. तांबडं मात्र जेलीफिशमधून निघेना. ते १९९९ साली रशियन शास्त्रज्ञांना प्रवाळांच्या नात्यातल्या एका जीवात सापडलं. पण चार-चार रेणूंनी एकत्र चिकटून राहण्याची त्याची खोड पेशीत गोंधळ घालत होती. त्सिएन यांच्या गटाने ती खोड मोडून २००२ साली एकेकटं राहणारं तांबडं प्रथिन केलं आणि २००४ साली त्यातून काढलेल्या रंगांना फळांची नावं दिली. चेरी त्यातली सर्वांत प्रसिद्ध.

रंग वाढले, तसा गॉल्जींचा जुना प्रश्न नव्याने सुटू लागला. २००७ साली हार्वर्डला झां लिवे आणि जेफ लिक्टमन यांच्या गटाने उंदराच्या चेतापेशींत तीन-चार रंगांची जनुकं अशी बसवली की प्रत्येक पेशीत त्यांचं प्रमाण योगायोगाने ठरावं. शेजारच्या दोन पेशींना वेगवेगळ्या छटा मिळाल्या, आणि एकूण छटा नव्वदच्या आसपास. त्यांनी त्याला ‘ब्रेनबो’ म्हटलं. चित्र देखणं होतं, म्हणून ते सगळीकडे गाजलं. माझ्या मते त्याचा अभ्यासाला झालेला उपयोग त्याच्या कीर्तीहून कमी आहे, कारण दाट गुंत्यात बारीक तंतूंच्या छटा एकमेकींत मिसळतात. कृमीत मात्र हीच युक्ती ठरवून, शिस्तीने वापरली गेली. २०२१च्या ‘न्यूरोपाल’ या कृमीत रंगांची मांडणी अशी आहे की प्रत्येक चेतापेशी तिच्या रंगावरून आणि जागेवरून नावानिशी ओळखता येते.

याहून मोठी झेप रंगाची नाही, संदेशाची आहे. चेतापेशी संदेश देते तेव्हा क्षणभर तिच्यात बाहेरून कॅल्शियम शिरतं. एरवी आत कॅल्शियम इतकं कमी असतं की बाहेर त्याच्या दहा हजार पट असावं. म्हणजे कॅल्शियम वाढलं, तर पेशी बोलली. जुनिची नाकाई यांनी २००१ साली जपानमध्ये जीएफपीचं पिंप मधोमध कापलं, मूळची दोन टोकं एकमेकांना जोडली आणि कापलेल्या टोकांना कॅल्शियम ओळखणारं एक प्रथिन आणि त्याला चिकटणारा एक तुकडा लावला. कॅल्शियम नसताना पिंपाला फट असते आणि उजेड मंद. कॅल्शियम आलं की ते दोन तुकडे एकमेकांना मिठी मारतात, फट बुजते आणि प्रथिन उजळतं. याला जीकॅम्प म्हणतात. फ्रायडे हार्बरच्या बेसिनमध्ये कॅल्शियमने जेलीफिशचा जो निळा उजेड पेटवला होता, त्याच्याच शेजारचं हिरवं प्रथिन चाळीस वर्षांनी कॅल्शियमनेच पेटू लागलं!

२०१३ साली अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात मिशा अहरेन्स आणि फिलिप केलर यांनी झेब्रामाशाच्या पिल्लाच्या मेंदूत अशा प्रथिनाच्या साहाय्याने सुमारे एक लाख चेतापेशींपैकी ८० टक्क्यांहून अधिक पेशींच्या हालचाली, दर १.३ सेकंदांनी एकदा, टिपल्या. काळ्या पडद्यावर तो मेंदू वीज चमकल्यासारखा इथून तिथे उजळत जातो. मी ती चित्रफीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा काही मिनिटं दुसरं काही सुचलं नव्हतं. जिवंत प्राण्याचा जवळजवळ अख्खा मेंदू, पेशी न् पेशी, काम करताना माणसाला दिसत होता.

तरी या पद्धतीने दिसतं ते सगळंच जसंच्या तसं मानू नये. चेतापेशीचा संदेश हजारांश सेकंदाचा असतो आणि जीकॅम्पची चमक त्याच्या कितीतरी मागून येते, कितीतरी उशिरा विझते. फार वेळ प्रकाश टाकला की प्रथिन फिकट पडतं आणि पेशीला इजाही होते. प्रथिन प्रमाणाबाहेर बनलं तर पेशीचं वागणं बदलतं. मेंदू पारदर्शक नाही. निळा प्रकाश काही थरांतच विखुरतो, म्हणून खोलवर पाहायला १९९०नंतर विकसित झालेलं, अवरक्त प्रकाशाचं द्विफोटॉन सूक्ष्मदर्शक लागतं, आणि तेही साधारण मिलिमीटरभरच पोचतं. २००२ साली दोन गटांनी जिवंत उंदराच्या मेंदूत चेतापेशींवरचे बारीक काटे, म्हणजे जोडांच्या जागा, दिवसेंदिवस पाहिले. एका गटाला दिसलं की पुष्कळ काटे येतात आणि जातात. दुसऱ्याला दिसलं की प्रौढ उंदरात सुमारे ९६ टक्के काटे महिनाभर तसेच राहतात. पहिल्याने कवटीचा तुकडा काढून काचेची खिडकी बसवली होती, दुसऱ्याने कवटी नुसती घासून पातळ केली होती. खिडकी कशी केली यावरही काटे किती हलतात ते अवलंबून असतं, हे पुढे दिसून आलं. चांगली प्रयोगशाळा आपल्या चित्राआधी आपली खिडकी तपासते.

२००८चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. नोबेल तिघांहून अधिक जणांत वाटलं जात नाही. तेव्हा डग्लस प्रॅशर अलाबामात एका मोटारविक्रेत्याकडे ग्राहकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. चाल्फी उघडपणे म्हणाले की मला वगळून पारितोषिक प्रॅशर यांना देता आलं असतं. चाल्फी आणि त्सिएन यांनी खर्च करून त्यांना सपत्नीक स्टॉकहोमला नेलं, आणि पुढे काही वर्षं प्रॅशर त्सिएन यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. हे चाल्फी आणि त्सिएन यांच्या मोठेपणाचं आहे. ज्या व्यवस्थेने प्रॅशर यांच्या कामाला पुढचं अनुदान नाकारलं, तिच्याबद्दल मात्र मला चांगलं बोलता येत नाही.

त्सिएन २०१६ साली गेले, शिमोमुरा २०१८ साली. फ्रायडे हार्बरच्या धक्क्यावरून जाळीने उपसाव्यात इतक्या जेलीफिश १९९०नंतर तिथे येईनाशा झाल्या, असं शिमोमुरांनीच नोंदवून ठेवलं आहे. त्या जेलीफिशचं जनुक आता जगभरातल्या शीतकपाटांत, नखाएवढ्या नळ्यांत असतं, आणि कोणाही संशोधकाला ते टपालाने मागवता येतं.